ऐकू आलं नाही, म्हणजे नाही?



समोरच्या रस्त्यावरचा कर्णा बंद होईपर्यंत थांबू या, असं संयोजक म्हणत होते. आम्हीच म्हटलं, थांबू नका, आजचा विषयच तो आहे. गोंगाटात ऐकून एखाद्या वस्तूचा निवाडा करता येतो का? ती वस्तू म्हणजे हेडफोन. तत्त्वज्ञानाच्या मास्तरला हेडफोनशी काय कर्तव्य, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोय. त्याचं उत्तर आमच्या एका चुकीत आहे.

आमच्या पुतण्याचा मुलगा मुंबईत नोकरीला लागला. तिथल्या एका हॉटेलात ध्वनियंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं. "आजोबा, तुम्ही गाणं ऐकलेली माणसं, निवडून द्या," म्हणाला. आम्ही फुशारलो आणि गेलो. मोठमोठ्या स्पीकरवाल्यांना बंद खोल्या दिलेल्या, आणि हेडफोन मात्र मोठ्या दालनात, लांब टेबलांवर मांडलेले. शे-दोनशे माणसं बोलतायत, वरून वातानुकूलन यंत्राची घरघर. त्यात आम्ही यमनचं आमच्या रोजच्या ऐकण्यातलं एक ध्वनिमुद्रण लावलं. तंबोऱ्याची जोडी ऐकूच येईना. वहीत लिहिलं: 'तंबोरा नाही, स्वर कोरडा.' शेजारचा दुसरा मात्र खणखणीत वाजला. पोरानं तोच हप्त्यांवर घेतला.

पुढे काही महिन्यांनी, आम्ही नापास केलेला तोच नमुना एका जुन्या विद्यार्थ्याकडे मिळाला. इथे जतमध्येच, रात्री अकराला, वीज गेलेली, पंखा बंद. तेच यमन लावलं. तंबोरा होता! खर्जाच्या तारेमागून उमटणारा गंधारसुद्धा होता. आमची वही खोटी ठरली होती.

आता ही चूक कानाची की बुद्धीची? आमच्या मते बुद्धीची. वस्तू असूनही ती का दिसत नाही, याची आठ कारणं सांख्यकारिकेत मोजली आहेत. वस्तू फार दूर असते, फार जवळ असते, इंद्रिय बिघडलेलं असतं, मन थाऱ्यावर नसतं, वस्तू फार सूक्ष्म असते, मध्ये आडोसा असतो. ही झाली सहा. सातवं अभिभव, म्हणजे बलवत्तर वस्तूनं दुबळीला झाकणं, दिवसा सूर्यतेजात तारे दिसत नाहीत तसं. आठवं समानाभिहार, म्हणजे सारख्यात सारखं मिसळून जाणं.

त्या दालनात यातली किती हजर होती, मोजा. घरघर तंबोऱ्याला झाकत होती, हा अभिभव. आजचं ध्वनिशास्त्र याला मास्किंग म्हणतं, आणि खालचे नाद वरच्या नादांना जास्त झाकतात, असंही सांगतं. माणसांचं बोलणं आणि गायकाचा गळा बऱ्याच अंशी एकाच कंप्रतेच्या पट्ट्यात नांदतात, हा समानाभिहार. मागे रांग लागलेली, म्हणून मन थाऱ्यावर नाही. आणि सत्तरीतले कान वरच्या कंप्रता केव्हाच सोडून बसलेले. म्हणजे इंद्रियदोषही आमच्याच घरचा.

दुसरी गोष्ट भाट्ट मीमांसकांची. न दिसण्यावरून अभाव कळतो, हे त्यांना मान्य आहे. त्याला ते अनुपलब्धी म्हणतात. पण त्यांची एक अट आहे. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात, उघड्या डोळ्यांनी पाहून 'इथे घडा नाही' म्हणता येतं. अंधारात म्हणता येत नाही. गोंगाट हा कानाचा अंधार आहे. तिथे 'तंबोरा ऐकू आला नाही' एवढंच लिहायचा अधिकार आम्हाला होता. 'तंबोरा नाही' लिहिण्याचा नव्हता.

प्रदर्शनातून परतलेल्यांच्या अभिप्रायांवर आमचा आक्षेप नेमका इथे आहे. 'तपशील कमी', 'खर्ज पातळ' हे निकाल ठामपणे दिले जातात. पण हेडफोन ओपन-बॅक, म्हणजे पाठीमागून जाळीदार होता की बंद पाठीचा, हे सांगितलेलंच नसतं. जाळीतून बाहेरचा आवाज थेट आत येतो. घरच्या शांततेसाठी घडवलेली वस्तू बाजारात आणून तिला नापास करायचं, हा न्याय नव्हे.

अन्याय उलट्या बाजूनंही होतो. गोंगाटात आपण आवाज चढवतो, आणि कानाची खोड अशी की दोनांतला थोडा मोठा वाजणारा त्याला चांगलाच वाटतो. आमच्या पोराला खणखणीत वाटलेला हेडफोन बहुधा फक्त मोठा वाजत होता. घरी तो अर्ध्या तासात डोकं उठवतो, असं त्याचंच म्हणणं. शिवाय आवाज चढवण्याची किंमत कान मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास असा आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे 83 ला 20 तास.

यावर कुणी म्हणेल, "सर, आम्ही एसटीतच ऐकणार, मग गोंगाटातली परीक्षाच खरी." आक्षेप चांगला आहे. एसटीसाठी घ्यायचा तर बंद पाठीचा किंवा आवाज मारणाराच घ्या. अमर बोस यांना ही आवाज मारण्याची कल्पना 1978 मध्ये विमानप्रवासातच सुचली. पण अशी यंत्रं इंजिनाची एकसुरी घरघर छान मारतात, माणसांचं बोलणं तितकं नाही. म्हणजे तिथेही प्रदर्शनाचा गोंगाट ही एसटीची परीक्षा नव्हेच.

मग करावं काय? मिरज आपल्यापासून लांब नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या दुकानात आम्ही पाहिलंय, बाहेर रिक्षा ओरडत असतात. गायक तंबोरा छेडतो आणि कान थेट दांडीला टेकवतो. नाद लाकडातून कानात येतो. मग सूत तसूभर सरकवून जवारी पाहतो. घाई नाही. गोंगाट थांबवता येत नसेल तर कान आणि नाद यांतलं अंतर कमी करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

हेडफोनवाल्यांनी एवढंच करावं. सकाळी दार उघडताच जावं. ओळखीचं एकच ध्वनिमुद्रण न्यावं. दोन्हींचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी. आणि गोंगाट ज्याला हात लावू शकत नाही, त्याचाच निवाडा तिथे करावा: वजन, डोक्यावरची पकड, कान तापतात का, चष्म्याची काडी रुतते का. नादाचा निकाल घरच्या रात्रीसाठी राखून ठेवावा. परत घेणार का, हे आधी विचारावं.

आपल्या यल्लम्माच्या जत्रेत खिलार बैलांचा सौदा होतो तेव्हा कोण मोठ्यानं भाव ओरडतो? उपरण्याखाली हात जातात आणि बोटांवर भाव ठरतो. बैलाचे दात बघतात, चालवून बघतात. जत्रेत ज्या इंद्रियावर भरवसा ठेवता येतो, तेवढ्यावरच तो शेतकरी ठेवतो. पीएच.डी. असून आम्हाला ते जमलं नाही.

पोराचे हप्ते अजून चालू आहेत. वहीतली ती ओळ आम्ही खोडली, आणि त्याला फोन करून 'आमचं चुकलं' म्हटलं. तो हसला. आम्हाला मात्र हसू आलं नाही. चाळीस वर्षं वर्गात अनुपलब्धी शिकवली होती.

बाहेरचा कर्णा थांबलेला दिसतोय. मागच्यांना काही ऐकू आलं नसेल, तर ते आम्ही बोललोच नाही असं कृपया समजू नये.