घराच्या बदल्यात घर : ‘अधांतर’ आणि गिरणगावच्या पुनर्वसनाचा प्रश्न

प्रस्तावना :

मराठी साहित्यात मुंबईची चाळ आणि झोपडपट्टी विपुल प्रमाणात आलेली आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८), जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३), भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५), मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) आणि जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक या कलाकृतींची नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. विनोद, वास्तववाद, महानगरीय जाणीव आणि भाषेचे वेगळेपण या अंगांनी त्यांची समीक्षा झाली. मात्र या कलाकृतींतील घर हे गरिबाला परवडणारे भाड्याचे घर होते आणि शहराच्या पुनर्विकासात ते नाहीसे होत गेले, ही बाब त्यांच्या वाचनात मध्यवर्ती मानली गेली नाही. प्रस्तुत लेखात ‘अधांतर’ केंद्रस्थानी ठेवून गिरणगावच्या पुनर्वसनाचा विचार केला आहे. शासनाचे धोरण घर चौरस फुटांत मोजते आणि पात्रता यादीवर ठरवते. साहित्य मात्र घराला लगडलेले काम, शेजार आणि उधारी यांसह घर मोजते. या दोन मोजमापांतील अंतर दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

गिरणगावातील घराचे स्वरूप :

लालबाग, परळ, शिवडी, वरळी, नायगाव या भागांत गिरणीच्या भोंग्यावर वस्ती उठत होती. कामगार चालत कामावर जात असे. एकाच खोलीत कुटुंबाबरोबर गावाकडचे आप्त, भाडे वाटून घेणारे गाळेकरी आणि पाळीनुसार झोपणारे एकटे कामगार राहत. त्यांच्या जेवणाची सोय त्याच चाळीतील बाया खानावळ चालवून करीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ याच खानावळवाल्या स्त्रियांच्या संघटनातून उभे राहिले. म्हणजे चाळीतील खोली ही केवळ निवाऱ्याची जागा नव्हती. ती स्त्रीच्या कमाईचे ठिकाण होती, गावाहून येणाऱ्या नव्या माणसाचा पहिला मुक्काम होती आणि संपाच्या काळात उधारीवर तग धरण्याचे साधन होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडे गोठलेले राहिले. मालकाने दुरुस्ती केली नाही, इमारती खचल्या, पण खोली परवडत राहिली.

ही खोली कामगाराच्या मालकीची नव्हती, याची जाणीव साहित्याला सुरुवातीपासून आहे. नारायण सुर्वे यांना रस्त्यावरून उचलून वाढविणारे गंगाराम सुर्वे हे गिरणी कामगार निवृत्तीनंतर गावी परतले आणि कोवळ्या वयाचे नारायण मुंबईत एकटे राहिले. परभणी येथे १९९५ मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या कवीच्या चरित्रातील हा तपशील गिरणगावचा नियमच सांगतो. काम संपले की शहरातील घरही संपते, हा तो नियम होय.

‘अधांतर’ : घर आहे, काम नाही :

दि. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ‘अधांतर’ हे नाटक या संपानंतरच्या काळात घडते. धुरी कुटुंबाची चाळीतील खोली हाच त्याचा अवकाश आहे. आई घर सावरू पाहते. थोरला बाबा लेखक होऊ पाहतो, मोहन क्रिकेटमध्ये स्वतःला हरवून बसला आहे, तर नरू टोळीच्या वाटेला लागला आहे. बहीण मंजू हिच्यावरही या पडझडीचा भार आहे.

या नाटकाचे वाचन बहुधा एका कुटुंबाच्या शोकांतिकेच्या अंगाने होते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर अजून शाबूत आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. धुरी कुटुंब बेघर नाही. आणि तरीही ते अधांतरी आहे. खोली तीच, भिंती त्याच, शेजारही तोच. गेले आहे ते खोलीला अर्थ देणारे काम. गिरणी रंगमंचावर येत नाही, परंतु तिची अनुपस्थिती प्रत्येक पात्राच्या वागण्यातून जाणवते. तीन भाऊ दिवसभर घरात असल्यामुळे पूर्वी पाळ्यांत वाटली जाणारी जागा आता एकाच वेळी सर्वांना अपुरी पडते. कामावर जाणारी माणसे असतील तोवरच लहान खोली पुरते, हे नाटककाराने कोणतेही भाष्य न करता दाखविले आहे. पुनर्वसनाच्या चर्चेला या निरीक्षणाने मोठी पुस्ती जोडली आहे. केवळ खोलीच्या बदल्यात खोली दिल्याने नुकसानभरपाई पुरी होत नाही.

याच नाटकावर आधारित ‘लालबाग परळ’ हा चित्रपट महेश मांजरेकर यांनी २०१० मध्ये दिग्दर्शित केला. त्यात मॉल आणि उंच इमारतींच्या पार्श्वभूमीमुळे गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न पुढे येतो. स्वतः पवार यांनीही ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१०) या कथासंग्रहाच्या शीर्षकात हाच बदल सूचित केला आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात पुढे मॉल उभा राहिला. दंतकथेतील पक्षी आपल्याच राखेतून पुन्हा जन्म घेतो. येथे मात्र जळाले कोण आणि उठले कोण, हे वेगवेगळे आहेत. या संग्रहास २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कायद्याचे मोजमाप :

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार, गिरणीच्या जमिनीचा विकास करताना तिचे साधारण तीन वाटे अपेक्षित होते. एक वाटा महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडास घरांसाठी आणि एक मालकास. गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर असल्याने परवडणाऱ्या घरांना मोठी जागा मिळणे शक्य होते. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमण्यात आली. परंतु २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीची करण्याचे ठरले. ज्या जागेवर शेड उभी होती ती वाटणीतून वगळली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला सार्वजनिक हिताच्या बाजूचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. एका शब्दाच्या अर्थाने परवडणाऱ्या घरांची जमीन आटली.

पुढे घरांच्या सोडती निघाल्या. सुमारे पावणेदोन लाख कामगार व वारसांनी अर्ज केले. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची, तर २०२० मध्ये बॉम्बे डाईंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत निघाली. मधल्या काळात पनवेलजवळील कोन येथील घरेही देण्यात आली. उरलेल्यांसाठी रायगड जिल्ह्यातील शेलू व ठाणे जिल्ह्यातील वांगणी येथील घरांचा प्रस्ताव पुढे आला. मुंबईतच घर हवे म्हणून कामगारांनी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन केले. शासनाच्या लेखी हा घराला नकार आहे. ‘अधांतर’च्या वाचकाला मात्र तो वेगळा दिसतो. कामापासून तोडलेल्या घराचा अनुभव या कुटुंबांनी गिरणगावात राहूनच घेतलेला आहे.

पात्रता कोणाची :

या सोडतीसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असणे ही मुख्य अट ठरली. हजेरीपटावर नाव असलेल्यास हे न्याय्यच आहे. परंतु खानावळवाली बाई कोणत्याही पटावर नव्हती. गाळेकऱ्याचे नाव भाडेपावतीवर नव्हते. त्यांचे स्वस्त घर गेले, पण ते गेल्याची नोंद कोठेच झाली नाही.

या संदर्भात ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा १९८५ चा निकाल साहित्यकृतींच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. त्यातील एक अर्जदार १९६९ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेरहून मुंबईस आला होता. गावातील घर पडले, चांभारकामात भागेना; मुंबईत तो बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने स्थानिक गुंडास ३०० रुपये दिले आणि बांबू व प्लॅस्टिकवर ७०० रुपये खर्च केले. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. ‘अधांतर’ने नाट्यरूपात मांडलेले काम व निवारा यांचे नाते येथे कायद्याने स्वीकारले. मात्र पर्यायी जागेचा प्रश्न आला तेव्हा १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांपुरताच तो मर्यादित राहिला. तत्त्व व्यापक आणि यादी अरुंद, हा विरोध तेव्हापासून कायम आहे. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतही प्रथम १९९५ व नंतर २००० ही वर्षे माणसाचा घरावरील हक्क ठरवीत आली.

साहित्याच्या मर्यादा :

धोरणाची अशी चिकित्सा करताना साहित्यास झुकते माप देणे योग्य ठरणार नाही. पहिली मर्यादा स्मरणरंजनाची आहे. ‘बटाट्याची चाळ’मधील अखेरच्या चिंतनात विनोदाचा सूर मागे पडून हुरहूर येते. पुढील काळात या हुरहुरीचेच अनुकरण अधिक झाले. चाळीतील जिव्हाळ्याचे वर्णन करणाऱ्या लेखनात सामाईक संडासासमोरची रांग आणि गळके छप्पर विनोदापुरतेच उरले. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांत पिढ्या गेल्या. त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळण्याची योजना झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या, याचे मोल हुरहुरीने कमी होत नाही. माणसे जागेवर ठेवून पुनर्विकास होऊ शकतो, हे या उदाहरणाने दाखविले. उंच इमारतीचा देखभाल खर्च पेलून ती माणसे तेथेच टिकतात का, यावर त्याचे यश ठरेल.

दुसरी मर्यादा मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गिरणगावाच्या साहित्यात कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील माणूस ठळकपणे येतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई-पुण्याकडे गेलेला मजूर चाळीत पोहोचलाच नाही. तो पदपथावर, बांधकामावर व खाडीकाठच्या झोपडीत राहिला. या माणसाचा पूर्वसूरी अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनात भेटतो. घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत त्यांनी उमेदीची वर्षे काढली आणि अखेरच्या काळात शासनाकडून मिळालेल्या गोरेगावच्या घरात १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रातही लेखन झोपडीत झाले, मिळालेल्या घरात एकटेपण आले. हा योगायोग मानला तरी विचार करायला लावणारा आहे.

नांदेड-मुखेडच्या संदर्भात :

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. नांदेड येथेही उस्मानशाही मिल होती आणि तिच्या बंद पडण्याने कामगार वस्तीचा आधार गेला. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडचा समावेश झाला. २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहराचा कायापालट झाला आणि त्याच अभियानातून गरिबांसाठी घरकुलेही बांधली गेली. या घरकुलांचे मूल्यमापन किती बांधली यावरून करावे, की राहणाऱ्याचे काम व घर यांचे नाते टिकले का यावरून करावे, हा प्रश्न ‘अधांतर’ वाचलेल्या अभ्यासकाने विचारला पाहिजे.

मुखेड तालुक्यात हाच प्रश्न शहराच्या नव्हे, धरणाच्या निमित्ताने उभा आहे. लेंडी प्रकल्पाचे काम दशकानुदशके चालले. ऑगस्ट २०२५ मध्ये हसनाळ, रावणगाव परिसरात पाणी शिरले तेव्हा पुनर्वसन अपुरे असताना माणसे जुन्या घरांतच होती, आणि त्यात जीवितहानी झाली. पुनर्वसन रखडते तेव्हा यादी करताना लहान असलेली मुले कर्ती होतात, त्यांचे संसार होतात आणि ‘वाढीव कुटुंबे’ या नावाखाली ती यादीबाहेर राहतात. गिरणगावातील गाळेकरी आणि बुडीत क्षेत्रातील वाढीव कुटुंब यांची स्थिती या बाबतीत सारखीच आहे.

निष्कर्ष :

१) परवडणारे घर पाडकामाच्या दिवशी जाते तितकेच ते नियमातील व्याख्येत आणि पात्रतेच्या यादीतही जाते.

२) ‘अधांतर’ हे नाटक घर व काम यांच्या अतूट नात्याची मांडणी करते; म्हणून ते कौटुंबिक शोकांतिकेपुरते मर्यादित न ठेवता पुनर्वसनाच्या प्रश्नाचे साहित्य म्हणूनही वाचले पाहिजे.

३) खानावळवाली, गाळेकरी, पदपथावासी व वाढीव कुटुंबे यांची नोंद करणे हे पुनर्वसनाचे पहिले काम आहे.

४) मराठवाड्यातून स्थलांतरित झालेल्या मजुराच्या घराची कथा मराठी साहित्यात अद्याप अपुरी आहे. ज्यांच्या घरातून ही माणसे गेली, त्यांची मुले आज या भागातील महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्याकडून या आठवणी लिहून घेणे हे मराठीच्या प्राध्यापकांना सहज करता येण्यासारखे काम आहे.