मुखवट्यामागचा डोगा

राज कॉमिक्सच्या हिंदी चित्रकथांतला डोगा राहतो आपल्या मुंबईत. पण नागराज किंवा सुपर कमांडो ध्रुव यांच्याइतका तो घरोघरी पोचला नाही. १९९० च्या दशकात अवतरलेल्या या नायकावर बोलपट निघावा आणि त्यात कोणता नट शोभेल, यावर त्याचे चाहते अजून हिरिरीने भांडतात. अनुराग कश्यप यांनी एकदा तो काढायचे मनावर घेतले होते. पण ते राहूनच गेले.

मला विचाराल, तर प्रश्न नटाचा नव्हेच. उकिरड्यावर सापडलेले, डाकूने वाढवलेले हे पोर मोठेपणी कुत्र्याचा मुखवटा चढवते आणि गुन्हेगारांना सरळ गोळी घालते. कागदावर एका चौकटीत गोळी सुटते, पुढच्या चौकटीत माणूस पडलेला असतो. मधला क्षण वाचकाने कल्पायचा. पडद्यावर तो दिसतो, ऐकूही येतो. तिथे नुसत्या टाळ्या पडल्या, तर डोगा निव्वळ मारेकरी ठरेल. शिवाय नामवंत चेहरा दाखवण्यासाठी मुखवटा घडोघडी उतरवला, तर उरले काय?

ज्या दिग्दर्शकाला उकिरड्यावरचे ते पोर विसरता येणार नाही, त्यानेच या वाटेला जावे. इतरांनी डोगाला कागदावरच सुखाने राहू द्यावे.