२०३५ हा आकडा आला कुठून?

हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपू शकतात, असं आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात छापलं होतं, आठवतंय? त्याचा माग काढत गेलात तर हाती लागतो डब्ल्यूडब्ल्यूएफचा अहवाल, आणि त्यामागे १९९९ मधली एका विज्ञान साप्ताहिकातली बातमी. शोधनिबंध नाहीच! २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी हिमनद्यांबद्दलच्या घबराटीवर शंका घेतली, तर आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष पचौरी यांनी ती ‘वूडू सायन्स’ म्हणून उडवून लावली. जानेवारी २०१० मध्ये २०३५ मागे घ्यावं लागलं. मला चुकीपेक्षा ती हेटाळणी जास्त खुपते. पण तुम्ही लगेच ‘सगळंच थोतांड’ म्हणणार असाल, तर थांबा. चूक दुसऱ्या खंडातली. हिमनद्यांचं भौतिकशास्त्र पहिल्या खंडात आहे, तिथे हा आकडा नव्हताच.