समीक्षकांनी उभारलेला बाजार : टोकियोच्या ‘कॉमिक मार्केट’चा एक विचार

चित्रकथा हा प्रकार साहित्यसमीक्षेच्या परिघावरच राहिल्यामुळे त्याच्या निर्मितिव्यवस्थेचा विचार सहसा वाणिज्य किंवा समाजशास्त्र या शाखांकडे सोपविला जातो. टोकियोत वर्षातून दोनदा, ऑगस्ट व डिसेंबर महिन्यांत, भरणाऱ्या ‘कॉमिक मार्केट’ या मेळाव्याच्या वाट्यालाही हेच आले आहे. २०१९ च्या हिवाळी मेळाव्यास चार दिवसांत सुमारे साडेसात लाख लोक आले, हा आकडा त्याविषयीच्या लेखनात वारंवार आढळतो. आकडा खरा आहे. परंतु या मेळाव्याचा उगम व्यापारात नसून समीक्षेत आहे, ही गोष्ट त्या आकड्याखाली झाकली जाते.

तेझुका ओसामु यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉम’ या मासिकाने हौशी चित्रकथाकारांना व त्यांच्या ठिकठिकाणच्या गटांना हक्काची पाने दिली होती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते मासिक बंद पडले. १९७५ मध्ये ‘निहोन मांगा ताइकाइ’ या संमेलनाने आपल्यावर टीका करणाऱ्या एका व्यक्तीस प्रवेश नाकारला. या घटनेचा निषेध करणाऱ्यांत ‘मेइक्यू’, म्हणजे चक्रव्यूह, हा गट होता. त्याने त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी तोरानोमोन येथील सभागृहात पर्यायी मेळावा भरविला. ३२ मंडळे आणि अंदाजे ७०० माणसे, त्यांत शाळकरी मुलींचाच भरणा अधिक, असे त्याचे स्वरूप होते. मेइक्यूच्या नियतकालिकाच्या नावातच ‘नवसमीक्षा’ हा शब्द होता, हे लक्षणीय आहे. गटातील योनेझावा योशिहिरो तेव्हा २२ वर्षांचे होते. पुढे १९८० पासून २००६ मधील निधनापर्यंत ते मेळाव्याचे प्रमुख राहिले. आणि १९८० मध्येच त्यांनी युद्धोत्तर काळातील मुलींच्या चित्रकथांचा इतिहास प्रसिद्ध केला. बाजार चालविणारा आणि इतिहास लिहिणारा माणूस एकच होता.

येथे विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. मराठी वाचकास लघुअनियतकालिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र साठोत्तरी लघुअनियतकालिके प्रस्थापित वाङ्मयाकडे पाठ फिरवून उभी राहिली, तर बहुसंख्य दोजिन्शी प्रस्थापित चित्रकथेच्या प्रेमातून जन्मतात. प्रत्येक मंडळाला अर्धे मेज मिळते : ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद, सोबत घडीच्या दोन खुर्च्या. पुष्कळदा छापखान्यातून नव्या पुस्तिकांचे खोके त्याच सकाळी थेट मेजापाशी येऊन पडतात. लेखक स्वतःच प्रकाशक आणि स्वतःच विक्रेता असतो. नव्या पुस्तिकेची एक नमुनाप्रत संयोजन समितीकडे द्यावी लागते. बहुतेक मंडळांना या उद्योगात नफा होत नाही; छपाईचा व प्रवासाचा खर्चही सर्वांचा निघत नाही.

अर्ज जागेपेक्षा अधिक आले की निवड प्रामुख्याने सोडतीने होते, गुणवत्तेने नव्हे. समीक्षकांनी स्थापन केलेल्या संस्थेने निवडीचा अधिकारच नाकारावा, यात वरवर विसंगती दिसते. वस्तुतः हीच तिची समीक्षात्मक भूमिका होय. साहित्यकृतीस वाचकाने द्यावयाचा प्रतिसाद अभिप्रायाच्याच रूपात असावा असे नाही. तो दुसऱ्या कृतीच्या रूपातही येऊ शकतो, आणि तो कोणी द्यावा हे संयोजकांनी ठरवू नये, असे त्यामागील गृहीतक दिसते.

या गृहीतकाची कसोटी ‘कॅप्टन त्सुबासा’च्या विडंबनांत पाहता येते. ताकाहाशी योइचि यांची ही फुटबॉलवरील चित्रकथा १९८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास असंख्य स्त्रीमंडळांनी तिच्यातील ह्यूगा हा आक्रमक खेळाडू आणि वाकाशिमाझु हा गोलरक्षक यांच्या मैत्रीला प्रणयाचे रूप दिले. मूळ कथेत सामना हा सर्वस्व असतो. येथे तो निमित्तमात्र उरला. साप्ताहिकाने जे अनुच्चारित ठेवले होते, तेच या वाचक-लेखिकांनी कथेचे केंद्र मानले. यास अनुकरण म्हणणे अपुरे आहे. हे वाचन आहे, आणि तेही बऱ्यापैकी हट्टी वाचन. या विडंबनांतूनच पुढे आलेल्या ओझाकी मिनामी यांची ‘झेत्सुआइ’ ही स्वतंत्र मालिका १९८९ मध्ये मुलींच्या एका नियतकालिकात सुरू झाली. तिच्यातही एक नायक फुटबॉलपटूच आहे. ऋण लपविण्याची गरज लेखिकेला वाटली नसावी.

अशा कथांसाठी रूढ झालेली ‘याओइ’ ही संज्ञा मुळात स्वतःचीच थट्टा होती : उत्कर्षबिंदू नाही, समारोप नाही, अर्थ नाही. कथानकाच्या तीन शास्त्रसंमत अपेक्षा नाकारून हौशी लेखिकांनी आपल्या प्रकाराचे नाव घडविले. विद्यापीठीय समीक्षेला इतकी नेमकी संज्ञा क्वचितच सुचते.

अर्थात सर्वच विडंबने वाचन ठरत नाहीत. लोकप्रिय मालिकेची पात्रे केवळ खप होतो म्हणून उचलणारी, एकाच साच्याची पुस्तके या मेजांवर विपुल असतात. लैंगिक चित्रणाचा भरही मोठा आहे. १९९१ मध्ये अश्लीलतेच्या कारणावरून दोजिन्शी विक्रेत्यांवर कारवाई झाली, माकुहारी येथील संकुलाने जागा नाकारली आणि मेळाव्यास हारुमीला परतावे लागले. त्यानंतर नमुनाप्रतींची तपासणी अधिक काटेकोर झाली. गुणवत्तेचा निवाडा न करणाऱ्या संस्थेस कायद्याचा निवाडा मात्र स्वतःच्या हाती घ्यावा लागला. विडंबनाचे अस्तित्व मूळ हक्कधारकांच्या मौनावरही अवलंबून आहे. २०१८ च्या अखेरीस अमलात आलेल्या कायदादुरुस्तीने प्रताधिकारभंगाचे काही गुन्हे तक्रारीविनाही दखलपात्र ठरविले. तथापि अशा विडंबनांसाठी तक्रारीची अट कायम ठेवली. ही सवलत आहे, हक्क नव्हे.

मेळाव्याच्या परिभाषेत ‘ग्राहक’ हा शब्द नाही. मेजामागे बसणारा, रांगेत उभा राहणारा आणि रांग सांभाळणारा विनावेतन स्वयंसेवक हे सर्व ‘सहभागी’ मानले जातात. ही केवळ शब्दांची चलाखी नाही, कारण रांगेतला वाचक पुढील मेळाव्यास मेजामागे दिसणे येथे असामान्य नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात मात्र ऑलिंपिकच्या तयारीमुळे सभागृहांचा काही भाग उपलब्ध नव्हता. मेळावा चार दिवसांचा झाला, आणि प्रवेशासाठी प्रथमच मनगटपट्टी विकत घेणे बंधनकारक झाले. आर्थिक कारण समजण्यासारखे आहे. परंतु दारातच पैसे भरणारा मनुष्य कोणत्या अर्थाने ग्राहक नव्हे, याचे उत्तर १९७५ च्या भूमिकेतून सहजी मिळत नाही.

योनेझावा यांच्या संग्रहातून २००९ मध्ये मेइजी विद्यापीठात त्यांच्या नावाचे ग्रंथालय उभे राहिले आहे. अभ्यासक मात्र अद्याप मेळाव्याची गर्दी मोजण्यातच अधिक गुंतलेले दिसतात. एखाद्या मंडळाची एकच चोवीसपानी पुस्तिका हाती घेऊन तिची चौकट, रेषा आणि मूळ कृतीशी असलेला वाद तपासणारे लेखन त्या मानाने विरळच आहे.