हत्तीमागे गेलेले शास्त्रीबुवा

दिवाळीच्या फराळाशी स्मृतिभ्रंशाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आजोबा नातवाला भलत्याच नावाने हाक मारू लागले, हे पुष्कळदा ध्यानात येते ते सणाला सारे घर जमल्यावरच.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा चित्रपट मी नुकताच पुन्हा पाहिला. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृती हरवून बसले आहेत. लेक त्यांना मोटारीत बसवून जरा दुकानात जाते. तेवढ्यात रस्त्याने हत्ती जातो, आणि शास्त्रीबुवा त्याच्यामागे चालू लागतात. मोहन आगाशे यांनी हे दुसरे बालपण कोठेही लाडिक होऊ दिलेले नाही. डोळ्यांत ओळख येते न येते तोच विझते, एवढ्यावर त्यांनी सारी भूमिका पेलली आहे. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा या परक्या म्हाताऱ्याला मायेने सांभाळते. तो तिला ‘आई’ म्हणतो. अमृता सुभाष यांना या भूमिकेबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उचितच होय.

माझी तक्रार मात्र या चन्नम्मेविषयीच आहे. ती इतकी उजळते की बिचारी लेक फिकी पडते. लेकीची ओढाताण चित्रपटात आहे, नाही असे नाही. पण प्रेक्षक घरी घेऊन येतो तो हत्ती आणि ती माया.

आमच्या आईचे असेच झाले, तेव्हा वहिनीने शाळेतली नोकरी सोडली. सहा वर्षे! मी दरमहा पैसे धाडीत असे आणि माझा वाटा उचलला असे समजत असे. चित्रपट संपल्यावर वहिनी म्हणाली, “बाई मायाळू खरी हो भावजी, पण तिला वर्षानुवर्षे कुठे करायचं होतं?”

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली या व्याधीपायी जगाला १.३ लाख कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. त्यातला सुमारे निम्मा म्हणजे घरच्या माणसांनी केलेल्या शुश्रूषेचे मोल. आणि त्या शुश्रूषेचे सत्तर टक्के तास बायकांचे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आपल्या देशातील साठीपुढच्या अशा रुग्णांची संख्या अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरात सांगितली आहे. वहिनीचा बुडालेला पगार आमच्या घरच्या वहीत कधी मांडला गेला नाही.

शास्त्रीबुवांच्या घरची पुढली सकाळ मला पाहायची होती. त्यांना आंघोळ कोण घालते, त्या दिवशी कामावर कोण जात नाही?

तरीही ‘अस्तु’ जरूर पाहावा. भाऊबीजेला सगळी भावंडे जमलेली असताना पाहिला तर अधिक बरे.