बी-भत्ता, भांडवल आणि वेतन : दोन सुत्तांच्या वाचनासंबंधी

दीघनिकायातील कूटदन्त सुत्त व चक्कवत्तिसीहनाद सुत्त यांचा आपल्या प्रवचनांत आणि परिसंवादांत वारंवार उल्लेख होतो. भगवंतांनी कल्याणकारी राज्याची कल्पना अडीच हजार वर्षांपूर्वीच मांडली, हा त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष आता इतका रूढ झाला आहे की मूळ पाठ पुन्हा उघडून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो अपुरा आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे सामाजिक न्यायासंबंधीची आपली समज दुबळी राहते, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

कूटदन्त सुत्तातील कथा प्रसिद्ध आहे. महाविजित राजाला महायज्ञ करावयाचा आहे. राज्यात मात्र चोर-लुटारूंचा उपद्रव माजला आहे. अशा वेळी नवा कर बसविणे अयोग्य ठरेल, आणि वध, बंधन वा हद्दपारी यांनीही उपद्रव मिटणार नाही, कारण मागे उरलेले लोक तोच उद्योग पुढे चालवतील, असे पुरोहित सांगतो. त्याचा उपाय तीन कलमांचा आहे. जे शेती व गोपालन करू इच्छितात त्यांना बी व अन्न द्यावे, जे व्यापार करू इच्छितात त्यांना भांडवल द्यावे, आणि जे राजसेवा करू इच्छितात त्यांना अन्न व वेतन ठरवून द्यावे. राजा तसे करतो. लोक आपापल्या कामात गुंततात, उपद्रव शमतो आणि राजाचा कोशही वाढतो.

चक्कवत्तिसीहनाद सुत्तात याच्या उलट क्रम दिसतो. राजा प्रजेच्या रक्षणाची व्यवस्था करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी उद्भवते. पहिला चोर पकडून आणला जातो तेव्हा आपणास जगण्याचे साधन नाही असे तो सांगतो. राजा त्याला धन देतो. त्यावर स्वतः जगावे, आईबाप व बायकामुले पोसावीत, उद्योग करावा, असेही सांगतो. चोरी केल्यास राजा धन देतो, अशी वार्ता पसरते आणि चोऱ्या वाढतात. मग राजा कठोर होतो. एका चोराला दोरांनी बांधून, मुंडन करून, नगारा वाजवीत नगरातून फिरवतात आणि दक्षिण दरवाजाबाहेर त्याचा शिरच्छेद करतात. ते पाहून लोकही शस्त्रे घडवितात, गावे लुटतात आणि लुटलेल्यांची शिरे उडवितात. पुढे असत्य आणि इतर दुराचार वाढत जातात.

रूढ वाचनात या दोन कथा एकाच उपदेशाच्या दोन बाजू म्हणून सांगितल्या जातात आणि मधला प्रसंग गाळला जातो. हा दुसरा राजा धन देतच नाही असे नाही. तो देतो, आणि तरीही राज्य बुडते. पालीच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट जाणवेल. महाविजिताने बी व भांडवल देणे, चक्रवर्तीच्या कर्तव्यांत सांगितलेले निर्धनांना धन देणे आणि या राजाने चोराला धन देणे, या तिन्ही ठिकाणी 'अनुप्पदेति' हे एकच क्रियापद आले आहे. कृती एकच असून फळ भिन्न आहे. भेद आहे तो वेळेचा आणि पात्रतेच्या कसोटीचा. एकीकडे कामाची इच्छा ही पात्रता आहे आणि देणे अगोदर घडते. दुसरीकडे संकट ओढवणे हीच पात्रता होते आणि देणे मागाहून येते. वेतनासंबंधी तर कूटदन्त सुत्त क्रियापदच बदलते. तेथे 'पकप्पेति', म्हणजे नेमून देणे, ठरवून देणे, हा शब्द आहे. वेतन हे दान नाही, ही जाणीव त्या शब्दात आहे असे आम्हांस वाटते.

तथापि या सुत्तांच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. शेती करणाऱ्यास बी द्यावे हे ठीक. परंतु ज्याला शेतच नाही त्याने ते कोठे पेरावे, याविषयी पाठ मौन बाळगतो. खुद्द कूटदन्त ब्राह्मण हा बिंबिसाराने दान दिलेल्या खाणुमत गावाचे उत्पन्न भोगणारा आहे. महाविजिताच्या यज्ञात दास व कामकरी दंडाच्या भयाने रडत राबले नाहीत, असे आवर्जून सांगितले आहे, पण दास हे दासच राहतात. शिवाय सारे राजाच्या सद्बुद्धीवर अवलंबून आहे. राजा स्वमताने वागू लागला की प्रजेच्या हाती काही उरत नाही. दुसऱ्या सुत्ताची शोकांतिका हीच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही उणीव नेमकी ओळखली होती. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचा विस्तृत उतारा घेतला आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार हा सरकारचा नोकर. परंतु त्याला निश्चित वेतन नव्हते. तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते यांवर त्याने दिवसरात्र राबावयाचे. खळ्यावर हात पसरावा लागणाऱ्या माणसाला गावात मान वर करून बोलता येत नाही. बलुत्याऐवजी ठरलेला मोबदला मिळावा, ही त्या विधेयकातील मागणी म्हणजे आमच्या मते 'पकप्पेति' या शब्दाचा आधुनिक अर्थ होय. ते विधेयक संमत झाले नाही. जमिनीच्या प्रश्नावर १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न पाळता गावकऱ्यांना सामुदायिक कसण्यासाठी द्यावी आणि ही तरतूद घटनेतच असावी, असे त्यांनी सुचविले. बहुमत बदलले तरी ती बदलू नये, हा त्यामागील हेतू होता. राजाच्या कर्तव्याचे प्रजेच्या हक्कात रूपांतर करण्याचा हा प्रयत्न होता. प्रत्यक्षात संविधानात आर्थिक न्यायाची बरीचशी कलमे मार्गदर्शक तत्त्वांत गेली, आणि अनुच्छेद ३७ नुसार त्यांची अंमलबजावणी न्यायालयाकरवी करून घेता येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीविषयी दिलेला इशारा या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

या भेदाची कसोटी अलीकडच्या धोरणांना लावून पाहता येते. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमीला महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले. काम मागणाऱ्यास काम, न दिल्यास भत्ता, हा त्यातील विचार कूटदन्त सुत्ताच्या जवळचा आहे; अंमलबजावणीतील दोषांनी तो खोटा ठरत नाही. उलट २००८ ची केंद्राची कर्जमाफी बँका व सहकारी संस्थांच्या शेतीकर्जापुरती होती. सावकाराच्या दारात उभा असलेला बटाईदार आणि भूमिहीन मजूर तिच्या कक्षेबाहेर राहिला. कर्जबाजारी शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाही. सुत्तही पहिल्या चोराला दोष देत नाही. संकट कोसळल्यावर हात सैल सोडणाऱ्या राज्यसंस्थेची ती समीक्षा आहे.

म्हणून या सुत्तांचा दाखला देताना दोन प्रश्न सोबत विचारले जावेत अशी आमची विनंती आहे. जे दिले जात आहे ते केव्हा दिले जात आहे? आणि ते न मिळाल्यास मागणाऱ्याला दाद कोठे मागता येते? पहिला प्रश्न सुत्तांनी शिकविला, दुसरा बाबासाहेबांनी. विहारात धान्यवाटप व वह्यावाटप करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांची करुणा खरी आहे आणि ती चालू राहावी. पण त्याच विहारात गायरान जमिनीचे दावे, किमान वेतनाचे दर आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांचीही चर्चा होत असेल, तरच कूटदन्त सुत्ताचे आपले पठण सार्थ म्हणता येईल.