काळ्या पट्ट्याची वंशावळ

आमच्या छत्रपती संभाजीनगरात उकाडा आणि उन्हाळी शिबिरं ही जुळी भावंडं आहेत. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की सकाळचं वर्तमानपत्र एकाएकी जाड होतं. बातम्या वाढलेल्या नसतात, आत हस्तपत्रकं असतात. अक्षरसुधार, अबॅकस, पोहणं, संस्कारवर्ग आणि कराटे. यांपैकी कराट्याच्या पत्रकांचा मी चाहता आहे. मराठी समीक्षेने नवकथेचा कीस काढला, नवकवितेचा भुगा केला, पण या वाङ्मयप्रकाराकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. वास्तविक त्याला स्वतःची शैली आहे, अलंकार आहेत आणि कल्पनाशक्ती तर इतकी आहे, की एखाद्या कादंबरीकाराने हेवा करावा.

या पत्रकाचा घाट ठरलेला असतो. सर्वांत वर पांढऱ्या दाढीचे एक जपानी गृहस्थ. त्यांच्याखाली एक बाण. बाणाच्या टोकाला बारीक केस कापलेला एक गोरा फौजी. मग पुन्हा बाण, मग मुंबईचे कुणी सर, पुन्हा बाण आणि सर्वांत खाली, हाताची घडी घालून, आपले सिडकोतले सर. शेजारी ठळक अक्षरांत : 'थेट ओकिनावा परंपरा. लष्करी पद्धतीचे प्रशिक्षण. प्रवेश मर्यादित.' या तीन विधानांपैकी तिसरं खोटं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पहिल्या दोघांबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

प्रथम त्या बाणाचं रसग्रहण करू. मराठीत स्वल्पविराम आहे, अर्धविराम आहे. पण इतकं कमी बोलून इतकं जास्त सुचवणारं चिन्ह दुसरं नाही. वरच्याने खालच्याला शिकवलं, एवढंच तो सांगतो. किती दिवस शिकवलं? दहा वर्षं, की रविवारची एक सकाळ? अंगणात एकट्याला, की मैदानावर दोनशे जणांना? की दोघांचा फक्त एकत्र फोटो आहे? बाण गप्प. आणि जिथे बाण कमी पडतो तिथे 'लाभणे' हे क्रियापद धावून येतं. 'यांचे मार्गदर्शन लाभले.' 'शिकलो' म्हटलं की वाक्यात कर्ता येतो आणि कर्ता आला की त्याला घाम गाळावा लागतो. 'लाभले'मध्ये कर्ता बेपत्ता असतो. मागच्या रांगेत उभं राहूनही मार्गदर्शन लाभतं. विमानतळावर हार घालायला गेलं तरी लाभतं. गाणाऱ्यांच्या घराण्यांतही हा प्रकार काही नवा नाही. खाँसाहेबांचा डबा एकदा पोचवला तो गंडाबंध शागीर्द, आणि दोनदा पोचवला तो खलिफा!

आता 'लष्करी'कडे वळू. आमच्या गावात छावणी आहे, त्यामुळे लष्कराबद्दलचा आदर आम्हांला वेगळा शिकवावा लागत नाही. पण मराठीत या शब्दाने भलतंच बाळसं धरलं आहे. 'मिलिटरी हॉटेल' म्हणजे जिथे मटण मिळतं ते. त्याचा आचारी कोणत्या पलटणीत होता, असं आपण रस्सा ओरपताना विचारत नाही. कराट्याच्या वर्गातही 'लष्करी' म्हणजे सर मोठ्याने ओरडतात आणि उशिरा आलेल्याला वीस जोर काढायला लावतात, इतपतच अर्थ उरला आहे. गंमत अशी, की फौज ही जगातली एकच जागा असेल जिथे माणसाचा प्रत्येक दिवस लिहिलेला असतो. कुठे होतात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता कोर्स केलात, पास झालात की नाही. म्हणजे खरी लष्करी वंशावळ असेल तर तिच्यात बाणांऐवजी तारखा हव्यात.

आणि नेमक्या या तारखांचाच घोळ या विद्येच्या इतिहासात एकदा मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. तो समजून घेतला की पत्रकातला तो मधला गोरा फौजी कुठून आला हे कळतं.

१९४५ च्या एप्रिल ते जूनमध्ये ओकिनावा बेटावर भयंकर लढाई झाली. बेट अमेरिकेच्या ताब्यात गेलं ते १५ मे १९७२ ला जपानकडे परत आलं. मधल्या सत्तावीस वर्षांत हजारो अमेरिकन सैनिक तिथल्या तळांवर राहून गेले. कवायत संपल्यावर संध्याकाळी करायचं काय? त्यांतले बरेच जण गावातल्या कराटे-गुरूंच्या अंगणात जाऊ लागले. त्या गुरूंपैकी एक तात्सुओ शिमाबुकू. हे गृहस्थ १९०८ साली जन्मले; क्यान, मियागी आणि मोतोबू अशा तीन नामवंतांकडे शिकले आणि १५ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आपल्या पद्धतीला 'इश्शिनर्‍यू' असं नाव दिलं. त्यांच्याकडे अमेरिकन मरीन सैनिकांची रीघ लागली.

अडचण एकच होती. मरीनची बदली साधारण वर्ष-दीड वर्षाची. जिथे आपल्याकडे दीड वर्षात गॅसचा नवा जोड मिळाला तरी लोक पेढे वाटत, तिथे ही पोरं तेवढ्या काळात काळा पट्टा बांधून घरी परतली. काहींना तर बरीच वरची 'दान', म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पुढची पायरी, मिळाली. पुढे सराव करून हे त्या योग्यतेला पोचतील, असा गुरूचा भरवसा होता असं सांगतात. म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हतं, उचल होती! काहींनी ती उचल आयुष्यभर घाम गाळून फेडली, हेही न्यायाने सांगितलं पाहिजे. अमेरिकेत कराटे रुजलं ते बऱ्याच अंशी अशा परतलेल्या शिपायांमुळेच. पण उचल घेतलेला प्रत्येक माणूस काही हप्ते भरत नाही.

पुढचा घोळ आणखी मजेशीर आहे. शिमाबुकू आपल्या कातांत, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांत, काळानुसार फेरफार करत राहिले. त्यामुळे एका वर्षी शिकून गेलेला शिपाई हात असा फिरवी, तर सहा-सात वर्षांनी गेलेला तसा. दोघेही छातीवर हात ठेवून सांगत, 'मूळ गुरूंनी मला असंच शिकवलं.' आणि दोघेही खरं बोलत! १९७५ साली गुरू वारले, गादी मुलाकडे गेली, ती कित्येक अमेरिकन शिष्यांना मानवली नाही, आणि एका पद्धतीच्या अनेक संघटना झाल्या. वाडा पडल्यावर वाटण्या कशा होतात हे मराठी वाचकाला जपानी उदाहरणाने समजावण्याची गरज नाही.

'हजारो वर्षांच्या परंपरे'बद्दलही दोन शब्द. काळ्या पट्ट्याची कल्पना मुळात ज्यूदोची. कराट्यात ती आणली गिचिन फुनाकोशी यांनी. त्यांनी १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९२४ साली शिष्यांना पहिल्या 'दान' पदव्या दिल्या. म्हणजे ही प्राचीन वस्तू केशवसुत गेल्यावर एकोणीस वर्षांनी जन्मली. 'कराटे' या शब्दाचा अर्थदेखील आधी 'चिनी हात' असा होता. १९३६ साली ओकिनावातल्या गुरूंनी बैठक भरवून 'रिकामा हात' या अर्थाचं लेखन मान्य केलं. उच्चार तोच, लिहायचं वेगळं. नावं बदलतात हे आम्हांला काय सांगायचं? खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असा आमच्याच शहराचा प्रवास आहे. नाव कोणतंही असो, परंपरा तपासायची तर तारखा पाहाव्या लागतात, एवढंच.

बरं, वंशावळ अगदी कागदोपत्री खरी निघाली, तरी काम भागतं का? याचं उत्तर आमच्या गावात दगडचुन्यात उभं आहे. बीबी का मकबरा १६६० च्या सुमारास पूर्ण झाला. त्याच्या दारावर स्थापत्यकाराचं नाव कोरलेलं आहे : अताउल्ला. हे ताजमहालाचे स्थापत्यकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. याहून 'थेट परंपरा' ती कोणती? बाण बापाकडून सरळ मुलाकडे! पण ताजला सुमारे तीन कोटी वीस लाख खर्च आला असं म्हणतात आणि मकबऱ्याचा आकडा नोंदलेला आहे सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. संगमरवर घुमटाला आणि खालच्या थोड्या भागाला पुरला, बाकी चुन्याच्या गिलाव्यावर भागवलं. मकबरा सुंदर आहे, माझा जीव आहे त्याच्यावर. पण त्याला कुणी ताज म्हणत नाही. वंशावळ बापाचं नाव देते, संगमरवर देत नाही. दीड वर्षाच्या शिपायाचंही तेच. गुरू अस्सल होता, विद्या अस्सल होती, पण वेळाचा संगमरवर घुमटापुरताच मिळाला.

उलट ज्या विद्येची कसोटी समोर उभी असते, तिला वंशावळीची फार फिकीर नसते. आपल्या मल्लखांबाचंच पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांना तोंड देण्यासाठी ते सप्तशृंगीला जाऊन बसले आणि तिथे दृष्टांतात त्यांना ही विद्या मिळाली, अशी परंपरा आहे. (हे पहिलवान आमच्या बाजूचे, हा भाग आम्ही फार ताणून धरत नाही.) आता दृष्टांताचं प्रमाणपत्र कोणत्या संघटनेकडून आणणार? पण कुणी मागतही नाही. कारण खांब समोर आहे. चढून दाखवा. तेल लावलेल्या खांबाला 'मार्गदर्शन लाभले' चालत नाही. कराट्यातही २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्याच रियो किमुना, नव्हे, कियुना याने कातात सुवर्णपदक घेतलं (जपानी नावांपुढे माझीही जीभ घसरते). तेव्हा परीक्षकांनी पाहिला तो त्याचा काता. भिंतीवरचा तक्ता कुणी मागवला नाही.

इतकं झाल्यावर एक शंका हमखास निघते. 'गुरूबद्दल असं विचारणं म्हणजे अनादर नाही का? आपली संस्कृती...' संस्कृतीचं नाव निघालंच आहे, तर आपल्याच मुलखातल्या गुरुशिष्यांकडे जाऊ. इथून पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला. सोळाव्या शतकात तिथले किल्लेदार होते जनार्दनस्वामी. म्हणजे लष्करी गुरू कुणी असतील तर हे. पैठणहून एक पोरगा त्यांच्याकडे आला, एकनाथ. गुरू समाधीत असताना गडावर हल्ला झाला, तेव्हा शिष्याने गुरूचं चिलखत चढवून शत्रूला परतवलं, अशी कथा सांगतात. आजच्या हिशेबाने नाथांना 'माजी किल्लेदार, देवगिरी' अशी पाटी पैठणला लावायला काहीच हरकत नव्हती. त्यांनी काय केलं? रचनेच्या शेवटी 'एका जनार्दनी' अशी सही केली. आपलं नाव आखूड आणि गुरूचं सबंध.

पण याच नाथांची दुसरी एक कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. गुरूने हिशेबाचं काम दिलं, एका पैची चूक सापडेना, तर हा शिष्य रात्रभर दिवा लावून वह्या तपासत बसला. आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदाने टाळ्या पिटू लागला. पुढे शके १५०६, म्हणजे १५८४ साली, याच माणसाने ज्ञानेश्वरीच्या पोथ्या तपासून तिच्यात शिरलेले पाठभेद आणि भर दूर केली. ज्ञानेश्वरांवर अश्रद्धा होती म्हणून? श्रद्धा होती म्हणूनच. नकलाकारांनी जे घुसडलं ते माउलींच्या नावावर खपू नये, एवढ्यासाठी. परंपरेची झडती घेणं हे परंपरेतलंच काम आहे, आणि ते आमच्या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलेलं आहे.

कुणी म्हणेल, पत्रकातल्या बाणासाठी एवढा खटाटोप कशाला? चार पोरं हातपाय हलवतात, हलवू द्या. पण ती पोरं आपली असतात. क्रीडा प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे जादा गुण अवलंबून असतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तेव्हा कागद कुणाचा, हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या घामाशी भिडलेला असतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हल्ली आईबाप मुलीला या वर्गात घालतात ते खेळ म्हणून नव्हे. रात्री क्लास सुटल्यावर ती एकटी घरी येते म्हणून. तीन महिन्यांत पट्टा आणि पट्ट्याबरोबर 'आता तुला कुणी हात लावू शकत नाही' असा भरवसा तिच्या गळ्यात बांधला जातो. तो बाण खोटा होता हे कळण्याची वेळ तिच्यावर भर रस्त्यात येऊ नये. तिथे सरांचे गुरू, त्यांचे गुरू आणि पांढरी दाढी, कुणीही मदतीला येत नाही. अशा वेळी ओरडून पळ काढ, हे सांगणारा साधा मास्तर तिच्या जास्त उपयोगी पडतो.

म्हणून प्रवेश घेताना चार प्रश्न विचारावेत. सर, आपण शिकलात कुठे? कुणाकडे? किती दिवस? आणि हल्ली स्वतः सराव कधी करता? खऱ्या शिकलेल्या माणसाला हे प्रश्न आवडतात, कारण ते त्याला कुणी विचारतच नसतं. जो आवाज चढवून भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवील, त्याला नमस्कार करून जिना उतरावा. आणि जो सांगेल, 'दीड वर्ष शिकलो, पलटणीतल्या एका हवालदारसाहेबांकडे. ते कुणाकडे शिकले मला ठाऊक नाही. बाकीची वीस वर्षं रोज पहाटे आपला आपण घासतो आहे,' त्याच्याकडे फी भरून टाकावी. त्याच्या पत्रकावर बाण एकच असेल आणि तोही आखूड, पण त्याच्या दोन्ही टोकांना माणसं असतील.